प्ले चुकला की खेळाडू चुकला?
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

अमेरिकन फुटबॉलबद्दल आलेल्या पत्रांपैकी बरीचशी रागावलेली आहेत, आणि राग बहुतेक एकाच माणसावर आहे : ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. पुढच्या चेंडूला आक्रमणानं काय करायचं, रन (चेंडू घेऊन धावणं) की पास (चेंडू फेकणं), कुणी कुठं धावायचं, हा ‘प्ले’ ठरवून क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू हाती घेऊन आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूला, कळवणारा हा प्रशिक्षक. प्लेची ही निवड म्हणजेच ‘कॉल’. म्हणून या अंकातली सगळी उत्तरं त्याच्याच कामाबद्दल आहेत. खेळ नवा असणाऱ्यांसाठी एवढंच : १० यार्ड पुढं सरकायला चार प्रयत्न मिळतात. एका प्रयत्नाला डाउन म्हणतात, आणि मधल्या माणसानं चेंडू मागं दिला की तो स्नॅप.

प्रश्न : समालोचक लगेच ‘वाईट कॉल’ म्हणून मोकळे होतात. प्लेची निवड चुकली की खेळाडूंनी तो नीट खेळला नाही, हे घरी टीव्हीवर पाहणाऱ्यानं कसं ओळखायचं?
– एक वाचक, सातपूर

निकाल दिसायच्या आधी मत बनवायचं. सगळं कसब यातच आहे, आणि सवय लागेपर्यंत ते जड जातं. लासलगावला कांदा नेणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. उन्हाळी कांदा चाळीत भरून ठेवला आणि पुढं भाव पडला, म्हणून ठेवण्याचा निर्णय चुकला असं होत नाही. कांदा नीट सुकवला होता का, चाळीत हवा खेळत होती का, त्या दिवशी बाजारात काय दर होता, हे बघावं लागतं. प्लेचंही तसंच. स्नॅपच्या क्षणी जे माहीत होतं तेवढ्यावरच निवडीचा हिशेब करायचा.

रेकॉर्डिंग असेल तर स्नॅपच्या अगदी आधी चित्र थांबवा आणि ‘बॉक्स’मधली माणसं मोजा. बॉक्स म्हणजे आक्रमणाच्या रांगेतल्या दोन टोकाच्या माणसांमधली जागा, दोन्ही बाजूंना एखाद-दोन यार्ड धरून, आणि खोलीला साधारण पाच-सात यार्ड. त्यात बचावाची किती माणसं उभी आहेत? आता आक्रमणाचे ब्लॉक करणारे, म्हणजे बचावाच्या माणसांना अडवणारे, मोजा. एक रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा), एक टाइट एंड (रांगेच्या टोकाला राहून ब्लॉकही करणारा आणि झेलही घेणारा) आणि तीन रिसीव्हर (पास झेलणारे) असा नेहमीचा संच असेल, तर रांगेतले पाच आणि टाइट एंड मिळून सहा ब्लॉकर होतात. समोर सहा जण असतील तर प्रत्येकाला एकेक माणूस मिळतो आणि रन चालतो. सात असतील तर एक जण मोकळा राहतो, त्याला धावणाऱ्यानंच चुकवायचं. आठ असतील तर रन म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. पण आठ जण पुढं आले म्हणजे मागं कुणीतरी कमी आहे, तेव्हा पासची जागा उघडी आहे.

यानंतर मागचे सेफ्टी, म्हणजे सगळ्यांत खोल उभे राहणारे बचावपटू, बघा. दोन जण खोल उभे असतील तर बॉक्स हलका असतो. मधोमध एकच असेल तर बाहेरच्या रिसीव्हरला बहुधा एकास एक सामना मिळतो. चित्र थांबवून स्वतःशी मोठ्यानं म्हणा, ‘इथं रन द्यायला हवा’ किंवा ‘इथं पास’. मग पुढं चालू करा. कोऑर्डिनेटरनं तुमच्याच मनातलं दिलं आणि तरी तीन यार्ड मागं जावं लागलं, तर दोष दुसरीकडे शोधा. गार्ड (रांगेतल्या मधल्या माणसाशेजारचा ब्लॉकर) घसरला असेल, रिसीव्हर वळायच्या आधी चेंडू आला असेल, टाइट एंडनं चुकीच्या माणसाला धरलं असेल.

एक गुंता मात्र लक्षात ठेवा. एका प्लेनंतर दुसरा सुरू करायला साधारण ४० सेकंद मिळतात. प्रशिक्षकाचा आवाज क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधल्या स्पीकरमध्ये येतो, पण घड्याळात १५ सेकंद उरले की तो बंद होतो. त्यानंतर बचावानं उभं राहण्याची पद्धत बदलली तर निर्णय क्वार्टरबॅकचा. पुष्कळदा हडलमध्ये (प्लेआधीच्या घोळक्यात) दोन प्ले एकत्रच सांगितलेले असतात, आणि समोरची मांडणी पटली नाही तर क्वार्टरबॅक ‘किल, किल’ ओरडून पहिला रद्द करतो आणि दुसरा चालू करतो. तेव्हा आठ जणांच्या बॉक्समध्ये रन गेला तर विचारायचं असतं की दुसरा पर्याय दिला होता का, आणि दिला असेल तर क्वार्टरबॅकनं तो का घेतला नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर टीव्हीवर नेहमी मिळत नाही. मिळालं नाही तर त्या प्लेवर शिक्का मारू नका, पुढच्या प्लेकडे वळा.

आणि सामन्याआधी पाहून ठेवा की त्या संघात प्ले पुकारतो कोण. अँडी रीड, शॉन मॅकव्हे, काइल शॅनहन हे मुख्य प्रशिक्षक असूनही प्ले स्वतःच पुकारण्यासाठी ओळखले जातात. अशा संघांत कोऑर्डिनेटर आठवडाभराच्या तयारीत वाटेकरी असतो, पण रविवारचा शब्द त्याचा नसतो. चौथ्या डाउनला खेळायचं की चेंडू लाथेनं पलीकडे पाठवायचा, हा निर्णयही मुख्य प्रशिक्षकाचा असतो. तो कोऑर्डिनेटरच्या खात्यावर मांडू नये.

प्रश्न : सिअ‍ॅटलनं १ यार्ड बाकी असताना पास का दिला? मार्शन लिंचसारखा रनिंग बॅक हाताशी होता. इतकी वर्षं झाली तरी हा प्रश्न सुटत नाही.
– एक वाचक, देवळाली कॅम्प

हे पत्र दर वर्षी येतं, म्हणून यावेळी घड्याळासकट उत्तर देतो. १ फेब्रुवारी २०१५, सुपर बोल ४९, म्हणजे त्या हंगामाचा अंतिम सामना. न्यू इंग्लंड २८, सिअ‍ॅटल २४. पहिल्या डाउनला लिंच चार यार्ड पळाला आणि चेंडू १ यार्डावर आला. पुढचा स्नॅप झाला तेव्हा २६ सेकंद उरले होते, सिअ‍ॅटलकडे एकच टाइमआउट होता आणि तीन डाउन शिल्लक होते. सिअ‍ॅटलनं पास दिला, तो न्यू इंग्लंडच्या हाती लागला आणि सिअ‍ॅटल हरलं.

आता कागद घ्या. दुसऱ्या डाउनला रन दिला आणि तो अडला, तर घड्याळ चालूच राहतं. टाइमआउट वापरून थांबवलं तर २० सेकंदांच्या आसपास उरतात. तिसऱ्या डाउनला पुन्हा रन अडला तर ढिगाऱ्यातून माणसं उठून रांगेत उभी राहीपर्यंत घड्याळ पळत असतं, आणि चौथा प्रयत्न मिळेल की नाही याची खात्री नसते. म्हणजे तिन्ही प्रयत्न पक्के हवे असतील तर पहिल्या दोनांत एकदा तरी पास हवा, कारण हुकलेला पास घड्याळ थांबवतो. तो दुसऱ्या डाउनला देऊन टाकला की तिसऱ्याला रन, मग टाइमआउट, मग चौथ्याला हवं ते. समोर बचावानं जड माणसांचा गोल-लाइन संच उतरवला होता आणि सिअ‍ॅटलचे तीन रिसीव्हर मैदानात होते. त्या हंगामात तोवर १ यार्डावरून टाकलेला एकही पास प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागला नव्हता.

म्हणून ‘पास का दिला’ यापेक्षा ‘हाच पास का दिला’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आमच्या मते खरा आक्षेप इथं घेता येतो. कोऑर्डिनेटर डॅरेल बेव्हेलनं दिलेल्या प्लेमध्ये उजवीकडे दोन रिसीव्हर एकामागं एक उभे होते. पुढच्यानं, म्हणजे जर्मेन कर्सनं, समोरच्याला ढकलत वाट अडवायची आणि त्या आडोशानं रिकार्डो लॉकेटनं आत वळायचं. पण न्यू इंग्लंडच्या ब्रँडन ब्राउनरनं कर्सला जागच्या जागी रोखलं, आडोसा झालाच नाही, आणि त्याचा सहकारी माल्कम बटलर थेट चेंडूवर धावला आणि त्यानं तो पकडला. ही मांडणी न्यू इंग्लंडनं सरावात घोटलेली होती. गर्दीत, आतल्या बाजूला, जोरात टाकलेल्या चेंडूवर एक जण वेळेवर पोचला तर चेंडू त्याच्या हाती जाण्याचा धोका असतो. कडेला उंच टाकलेला किंवा क्वार्टरबॅकला बाहेर पळवून टाकलेला पास हुकला तर बहुधा मैदानाबाहेर जातो, घड्याळ थांबतं आणि दोन डाउन उरतात. म्हणजे पासचा विचार बरोबर, पासचा प्रकार घातक, आणि आडोसा न होणं हा खेळाडूंचा भाग. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहून ठेवल्या की वाद अर्धा मिटतो.

आणखी एक गोष्ट चर्चेत सुटते. लिंचचं धावणं थांबल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ सिअ‍ॅटलनं जाऊ दिला, कारण न्यू इंग्लंडला उत्तर द्यायला वेळ उरू नये असं त्यांना वाटत होतं. त्या अर्ध्या मिनिटामुळे सगळे पर्याय आवळले गेले.

प्रश्न : मग सगळेच कोऑर्डिनेटर निर्दोष का? एखादा खरोखर वाईट निर्णय दाखवा.
– एक वाचक, गंगापूर रोड

सुपर बोल ५१, ५ फेब्रुवारी २०१७. अटलांटा एकेकाळी २८–३ नं पुढं होतं, पण चौथ्या पर्वात आघाडी २८–२० वर आली. ज्युलिओ जोन्सनं कडेला अप्रतिम झेल घेतला आणि चेंडू न्यू इंग्लंडच्या २२ यार्डावर पोचला. पाचेक मिनिटं उरली होती. इथून फील्ड गोल (चेंडू लाथेनं खांबांमधून मारून मिळणारे तीन गुण) साधारण ४० यार्डांचा. तो बसला तर आघाडी ११ गुणांची, म्हणजे न्यू इंग्लंडला निदान दोनदा गुण मिळवावे लागणार. अशा वेळी आक्रमणानं एकच गोष्ट टाळायची असते : मागं जाणं.

पहिल्या डाउनला रन, एक यार्ड मागं. दुसऱ्याला काइल शॅनहननं, जो तेव्हा कोऑर्डिनेटर होता, क्वार्टरबॅक मॅट रायनला पाससाठी मागं नेलं आणि ट्रे फ्लॉवर्सनं त्याला १२ यार्ड मागं पाडलं. तिसऱ्या डाउनला होल्डिंगचा (समोरच्याला धरून ठेवल्याचा) दंड, आणखी १० यार्ड मागं. फील्ड गोलचा पल्लाच गेला, पंट करावा लागला, म्हणजे चेंडू लाथेनं पलीकडे पाठवावा लागला, आणि सामना जादा वेळेत ३४–२८ नं गेला.

इथं निकाल झाकून ठेवला तरी निर्णय कच्चाच आहे. दोन वेळा आत रन दिला असता तर पल्ला राहिला असता, आणि प्रतिस्पर्ध्याचे टाइमआउट किंवा घड्याळ, काहीतरी एक खर्च झालं असतं. पास द्यायचाच होता तर चेंडू दीड सेकंदात हातातून सुटेल असा द्यायचा, किंवा रायनला आधीच बजावायचं की दडपण आलं तर चेंडू मैदानाबाहेर फेक. खोल मागं जाऊन थांबायचं नव्हतं. त्याआधीच्या तासाभरात शॅनहनच्या आक्रमणानं बचावाला हैराण केलं होतं, तेही खरं. एकाच माणसाच्या एकाच सामन्यात दोन्ही असू शकतं.

प्रश्न : तिसरा डाउन, ८ यार्ड हवेत, आणि हा माणूस रन देतो. हे घाबरटपणाचं नाही का?
– एक वाचक, पंचवटी

कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईला गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. तिसऱ्या डाउनची कळ तीच, फरक एवढाच की इथं अजून एक प्रयत्न हातात असतो आणि मैदानावरची जागा फार मोलाची असते. मुख्य प्रशिक्षकानं ‘चौथ्यालाही खेळायचंच’ असं आधी सांगितलं असेल तर तिसऱ्याला रननं पाच यार्ड घेऊन ३ यार्ड शिल्लक ठेवणं हे शहाणपण आहे. फील्ड गोलचा पल्ला काठावर असेल तर चार यार्डही कामाचे. आपल्याच १० यार्डावर असताना मोठी आघाडी असेल, तर क्वार्टरबॅक गोलरेषेजवळ पडण्यापेक्षा रन बरा. बचाव धडाधड पुढं येणारा असेल तर ड्रॉ, म्हणजे पासचं सोंग करून मागाहून दिलेला रन, त्याच धावत्या माणसांच्या पाठीमागून निघून जातो.

यातलं काहीच नसेल, संघ मागं असेल आणि मैदानाच्या मध्यावर असेल, तर हो, तो घाबरटपणाच आहे.

पण मूळ दुखणं बहुतेक वेळा तिसऱ्या डाउनला नसतंच. ८ यार्ड बाकी राहिले कसे, ते बघा. पहिल्या डाउनला सात जणांच्या बॉक्समध्ये दोन यार्डांचा रन, दुसऱ्याला हुकलेला पास, आणि तिसऱ्याला चमत्काराची अपेक्षा, असं सामनाभर चालत असेल तर पहिल्या डाउनची निवड तपासा.

प्रश्न : आधी रन पक्का करावा लागतो, तेव्हाच प्ले-ॲक्शन चालतो, असं नेहमी ऐकतो. खरं आहे का?
– एक वाचक, इंदिरानगर

प्ले-ॲक्शन म्हणजे रनचं सोंग करून दिलेला पास. आकडेवारी याला दुजोरा देत नाही. ज्या संघांचा रन चांगला चालतो किंवा जे जास्त वेळा रन देतात, त्यांचं प्ले-ॲक्शन त्याच प्रमाणात चांगलं चालतं असं आढळलेलं नाही. कारण साधं आहे. लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या पहिल्या रांगेमागं उभा राहणारा खेळाडू, लहानपणापासून समोरच्या गार्डचं पहिलं पाऊल वाचायला शिकलेला असतो. गार्ड पुढं झेपावला की तो पुढं येतो. आज किती रन झाले याची मोजदाद तो त्या क्षणी करत बसत नाही.

म्हणून तपासायचं ते साम्य. रनच्या वेळी आणि प्ले-ॲक्शनच्या वेळी रांगेचं पहिलं पाऊल सारखं दिसतं का? रनिंग बॅकची वाट तीच आहे का? क्वार्टरबॅक चेंडू खरंच पुढं करतो का, की हात नुसता हलवतो? ते पटलं की लाइनबॅकर दोन पावलं पुढं येतो आणि त्याच्या पाठीमागं १२ ते १८ यार्डांवर मधोमध जागा उघडते.

बिघडतं कुठं? तिसरा डाउन आणि १२ यार्ड असताना प्ले-ॲक्शन दिलं तर रनवर कुणी विश्वास ठेवत नाही. उलट क्वार्टरबॅकची पाठ अर्धा-एक सेकंद बचावाकडे होते, आणि धावून येणारा माणूस त्याला दिसत नाही. शिवाय या प्लेला ब्लॉक जास्त वेळ टिकवावा लागतो. डाव्या टोकाचा टॅकल (रांगेतला कडेचा ब्लॉकर) दुबळा असेल तर टाइट एंड मदतीला ठेवायला हवा. तो न ठेवता खोल पास पुकारला आणि क्वार्टरबॅक पडला, तर तो कोऑर्डिनेटरचा दोष, टॅकलचा नव्हे. टॅकल कसा आहे हे त्याला सोमवारीच ठाऊक होतं.

प्रश्न : पहिल्या दोन मोहिमांत आक्रमण लोण्यासारखं चालतं आणि मग ठप्प होतं. असं का?
– एक वाचक, नाशिक रोड

पहिले १५-२० प्ले बहुधा आधीच लिहिलेले असतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या बिल वॉल्शनं ही पद्धत रूढ केली. शांत डोक्यानं निवड होते, आणि प्रत्येक मांडणीला बचाव कसं उत्तर देतो याची माहिती सुरुवातीलाच गोळा होते. तिसरा डाउन किंवा गोलरेषेजवळचे प्ले त्या यादीत नसतात, त्यांच्या याद्या वेगळ्या असतात.

यादी संपल्यावर कोऑर्डिनेटरची परीक्षा सुरू होते. सुरुवातीला ज्या मांडणीतून आडवा रन दिला होता, त्याच मांडणीतून पुढं काही वेगळं येतं का, ते पाहा. आलं तर माहिती वापरली गेली. तोच रन तिसऱ्यांदा आला आणि लाइनबॅकर आधीच तिकडं पळत असेल, तर नुसतीच यादी वाचली गेली.

प्रश्न : मला स्वतः नोंदी ठेवायच्या आहेत. वही कशी आखावी? किती सामने पाहावे लागतील?
– एक वाचक, सिन्नर

आडवी वही घ्या आणि एका प्लेला एक ओळ द्या. एका संघाचे सामन्यात साधारण साठ-पासष्ट प्ले होतात, म्हणजे तीन-चार पानं. रकाने असे : पर्व आणि उरलेला वेळ, गुणांचा फरक, डाउन, हवे असलेले यार्ड, मैदानावरची जागा, खेळाडूंचा संच, बॉक्समधली माणसं, स्नॅपआधी कुणी हललं का, रन की पास, मिळालेले यार्ड, यश की अपयश, आणि शेवटी कारण.

संच दोन आकड्यांत लिहायचा. पहिला आकडा रनिंग बॅक, दुसरा टाइट एंड. ‘११’ म्हणजे एकेक आणि उरलेले तीन रिसीव्हर. ‘१२’ म्हणजे एक बॅक, दोन टाइट एंड, दोन रिसीव्हर.

यश कशाला म्हणायचं? पहिल्या डाउनला हव्या असलेल्यापैकी ४० टक्के, दुसऱ्याला ६० टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण. म्हणजे पहिल्याला १० पैकी ४ यार्ड हे यश, तिसऱ्याला ८ हवे असताना मिळालेले ७ हे अपयश. नुसते यार्ड मोजणारा इथंच फसतो.

कारणाच्या रकान्यात एकच अक्षर : क म्हणजे कॉल, ब म्हणजे ब्लॉक, फ म्हणजे फेक, झ म्हणजे झेल, द म्हणजे दंड, आणि न म्हणजे नीट दिसलं नाही. ‘न’ लिहायला कचरू नका. टीव्हीचा कॅमेरा कडेनं, चेंडूजवळ असतो. खोल पळणारे रिसीव्हर आणि सेफ्टी चित्राबाहेर जातात. सगळे २२ खेळाडू दिसणारं उंचावरचं चित्रण मिळालं तर पासचे प्ले त्यावरच तपासा. कुणी मोकळाच नव्हता की मोकळ्याकडे क्वार्टरबॅकनं पाहिलं नाही, हे त्याशिवाय कळत नाही.

हिशेब करताना काही ओळी बाजूला काढा : गुडघा टेकून वेळ घालवलेले प्ले, घड्याळ थांबवायला चेंडू जमिनीवर आपटलेले प्ले, आणि चौथ्या पर्वात १७ किंवा जास्त गुणांचा फरक असतानाचे. हाफ संपतानाची शेवटची दोन मिनिटं वेगळ्या पानावर घ्या, तिथले नियमच वेगळे असतात.

मग तीन गोष्टी शोधा. एक, पहिल्या डाउनच्या रनचं यश आणि पासचं यश. पास ठळकपणे जास्त यशस्वी असूनही निम्म्याहून जास्त रन असतील तर प्रश्न विचारायला जागा आहे. दोन, दुसरा डाउन आणि १० यार्ड. पहिला पास हुकला की दुसऱ्याला सवयीनं रन देणारे पुष्कळ कोऑर्डिनेटर आहेत, आणि बचावाला ती सवय माहीत असते. तीन, संचावरून प्ले ओळखता येतो का. ‘१२’चा संच आणि क्वार्टरबॅक मधल्या माणसाच्या अगदी पाठीमागं असताना दहापैकी नऊ वेळा रनच येत असेल, तर ते तुम्हाला वहीतून कळलं तसं समोरच्या प्रशिक्षकालाही फितीवरून कळलेलं असतं.

एका सामन्यावर मत देऊ नका. तिसरे डाउन सामन्याला बारा-तेराच येतात, त्यांतले लांबचे चार-पाच. किमान चार सामने लिहा, सहा झाले तर उत्तम. आणि समोरचा बचाव कोण होता ते वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, नाहीतर दुबळ्या बचावावर मिळवलेले आकडे कोऑर्डिनेटरच्या नावावर जमा होतात.

प्रश्न : २० यार्डांच्या आत गेलं की तोच संघ लंगडा का होतो?
– एक वाचक, सिडको

मैदान आखूड होतं. २० यार्डावर असताना गोलरेषेमागच्या १० यार्डांच्या एंड झोनसह एकूण ३० यार्ड खोली उरते, ५ यार्डावर फक्त १५. सेफ्टीला मागं जायची गरजच नसते, मागची रेषाच बचावाचा जादा खेळाडू होते. रुंदी मात्र तेवढीच, ५३ यार्डांहून थोडी जास्त. म्हणून इथं आडवे पळणारे, एकमेकांच्या आडोशानं सुटणारे प्ले आणि क्वार्टरबॅकचं स्वतः धावणं कामाला येतं. मधल्या मैदानातले खोल प्ले इथंही तसेच पुकारणारा कोऑर्डिनेटर तयारीत कमी पडला, असं खुशाल म्हणा.

प्रश्न : आमच्या कॉलेजात फ्लॅग फुटबॉलचा संघ उभा राहतोय. प्ले मी ठरवतो. हे सगळं पाच जणांच्या खेळाला लागू पडतं का?
– एक विद्यार्थी, नाशिक

पडतं, आणि वेळही चांगली आहे. (नव्या वाचकांसाठी : फ्लॅग फुटबॉलमध्ये समोरच्याला पाडत नाहीत, त्याच्या कमरेचा फ्लॅग ओढतात.) ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात फ्लॅग फुटबॉलला २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जागा मिळाली. मैदान ५० यार्ड लांब, २५ रुंद, दोन्ही टोकांना १०-१० यार्डांचे एंड झोन. मोहीम आपल्या ५ यार्डावरून सुरू होते. चार डाउनमध्ये मध्यरेषा ओलांडायची, मग गोलसाठी नवे चार डाउन.

तुमच्या निवडीचं सगळं गणित ‘नो-रन’ पट्ट्याभोवती फिरतं. मध्यरेषेच्या आणि गोलरेषेच्या आधीच्या ५ यार्डांत रन देता येत नाही, पासच द्यावा लागतो. समजा दुसऱ्या डाउनला तुम्ही आखूड पास दिला आणि चेंडू मध्यरेषेच्या ३ यार्ड आधी थांबला. प्रगती झाली असं वाटतं, पण बचावाला आता कळलं की पुढचा प्रत्येक प्ले पासच आहे. ६ यार्ड आधी थांबला असता तर रनची भीती शिल्लक राहिली असती. म्हणून दुसऱ्या डाउनला एकतर रेषा थेट पार करणारा प्ले द्या, नाहीतर पट्ट्यात अडकल्यावर वापरायचे प्ले आधीच तयार ठेवा. असे चार पुरेत : दोन रिसीव्हर एकमेकांना छेदून पळणारा, कोपऱ्यात उंच टाकायचा, सेंटर (स्नॅप देणारा) आखूड पळून वळणारा, आणि एकाच बाजूला तिघं वेगवेगळ्या खोलीवर पळणारे.

ब्लॉक करायला परवानगी नसते आणि धावून येणारा बचावपटू ७ यार्डांवरून सुटतो. क्वार्टरबॅकला जेमतेम दोन-अडीच सेकंद मिळतात. प्लेमध्ये एक तरी रिसीव्हर त्या वेळात वळलेला हवा. चारही जण खोल पळणारा प्ले कागदावर सुंदर दिसतो आणि मैदानावर क्वार्टरबॅकचा फ्लॅग जातो.

सुरुवातीला एकूण १०-१२ प्लेच ठेवा. मनगटाच्या पट्टीवर आकडे घालून द्या, म्हणजे कडेवरून नुसता आकडा ओरडता येतो. प्रत्येक प्ले सरावात दोन्ही बाजूंनी किमान दहा-दहा वेळा झाल्याशिवाय सामन्यात पुकारू नका. तोवर तो फसला तर कॉल चुकला की खेळाडू, हे तुम्हाला स्वतःलाच सांगता येणार नाही. राखीव खेळाडूंपैकी एकाच्या हाती वरच्या उत्तरातली वही द्या. रकाने सहाच पुरेत : डाउन, अंतर, पट्ट्यात की बाहेर, प्लेचा आकडा, मिळालेले यार्ड, कारण.